गॉड ऑफ वॉर पहिल्यांदाच खेळताय? मग कुऱ्हाड फेकायच्या आधी हे वाचा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा तासगावचा मामेभाऊ आमच्याकडं सांगलीला, विश्रामबागला, राहायला आला होता. नुकताच कॉलेजला लागलेला, मोबाईलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये एकदम तरबेज, दोन अंगठ्यांवर समोरच्याची आख्खी टीम झोपवणारा गडी. मी त्याच्या हातात कंट्रोलर दिला आणि म्हटलं तू खेळत बस, मी खाली जाऊन भडंग घेऊन येतो. वीस मिनिटांनी येऊन बघतो तर साहेब पहिल्याच ट्रोलपुढं, म्हणजे भल्यामोठ्या राक्षसापुढं, सात वेळा मेलेले, तोंड पाडून बसलेले, आणि मलाच वर म्हणतो, "दादा, बटण खराब हाय तुझं, मी मारतोय तरी मीच मरतोय." बटण ठणठणीत होतं. पोरगं एकच बटण दाबत होतं, तेही सेकंदाला चारदा.

त्याला जे जे सांगत गेलो तेच इथं लिहितोय, कारण सातारा-सांगलीकडचे बरेच जण आता जुना पीएस फोर (प्लेस्टेशनचा गेमिंग कन्सोल) नाहीतर सेकंडहँड गेमिंग लॅपटॉप घेऊन याच गेमपासून सुरुवात करायला लागलेत आणि बहुतेकांची गाडी याच ट्रोलपाशी अडकते. स्टोरीतलं काही फोडणार नाही, निवांत वाचा.

कुठला गेम घ्यायचा

गॉड ऑफ वॉर नावाचे बरेच गेम आहेत, पहिला २००५ साली आला, ते सगळे ग्रीक देवांवरचे. आपण बोलतोय २०१८ च्या गेमबद्दल, ज्याच्यापुढं काही नंबर नाही, नुसतं गॉड ऑफ वॉर, आणि त्यात आपला हिरो क्रेटोस ग्रीस सोडून उत्तरेकडं बर्फात येऊन राहिलाय, बायको वारलीय, पोरगा अट्रेयस सोबत आहे. बायकोची शेवटची इच्छा अशी की तिची राख सगळ्या जगांमधल्या सर्वात उंच शिखरावरून सोडायची, आणि बापलेक ती राख घेऊन निघतात. एवढीच स्टोरी माहीत असू द्या. जुने गेम खेळले नसतील तरी काही अडत नाही.

पुढचा भाग रॅग्नारोक, तो २०२२ च्या नोव्हेंबरात आला. काही जण थेट त्यालाच हात घालतात कारण तो नवीन आहे आणि ग्राफिक्स अजून भारी आहेत. तसं करू नका राव, पहिल्या गेमचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीलाच फुटतो.

काटेकोर बोलायचं तर हा शंभर टक्के रोल-प्लेइंग नाही, पण चिलखत, लेव्हल, स्किल, अपग्रेड हे सगळं आहेच, त्यामुळं त्या वाटेवर यायला ही पहिली पायरी म्हणून एक नंबर.

मशीन आणि वीज

पीएस फोरवर चालतो, पीएस फाइव्हवर जास्त स्मूथ चालतो, आणि जानेवारी २०२२ पासून पीसीवर पण आलाय. पीसीला कमीत कमी ८ जीबी रॅम, जीटीएक्स ९६० च्या तोडीचं ४ जीबीचं ग्राफिक कार्ड आणि ७० जीबी जागा लागते, नीट मजा घ्यायची असेल तर १०६० चं ६ जीबीवालं कार्ड आणि एसएसडी पकडून चाला. बिना ग्राफिक कार्डच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर कसा चालेल असं विचारणाऱ्यांना एकच उत्तर, नाही चालणार भावा, उगाच मशीन तापवू नको.

आणि कंट्रोलर घ्याच. कीबोर्ड-माऊसवर खेळता येतो, पण कुऱ्हाड हातात परत येताना जो धक्का बसतो ना हाताला, तो माऊसला कुठनं येणार. खाली मी बटणांची नावं प्लेस्टेशनची दिलीत.

सेकंडहँड डिस्क घेताना उजेडात धरून बघा, मी एका दुकानातनं घेतलेली डिस्क बरोबर बोटीच्या सीनला अटकायची, महिनाभर मला वाटायचं गेमच तसा आहे. आणि इन्व्हर्टर नसेल तर ज्या दिवशी दुपारची लाईट जाते त्या दिवशी मोठी फाईट सुरू करू नका. गेम आपोआप सेव्ह होतो खरा, पण फाईटच्या मधोमध लाईट गेली तर ती फाईट गेलीच. मेनूतनं हातानं पण सेव्ह करता येतं, दुकानापाशी आलात की एकदा करून टाकायची सवय लावा.

एक गोष्ट पालकांसाठी, हा गेम मोठ्यांचा आहे, रक्त भरपूर, हातानं जबडे फाडणं वगैरे प्रकार आहेत. आमची आजी एकदा मागनं बघत बसली आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

पुराण थोडंसं

हे सोडून दिलं तरी गेम खेळता येतो, पण थोडं माहीत असलं की मजा दुप्पट. गेम नॉर्स पुराणावर बेतलाय, आणि नॉर्स म्हणजे जुन्या काळातले नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, आइसलंड इकडचे लोक. त्यांच्या कथा तोंडी चालत आल्या, आपल्या गोंधळी-वासुदेवांसारख्या, आणि नंतर तेराव्या शतकात आइसलंडमध्ये त्या नीट लिहिल्या गेल्या, त्यातलं मोठं नाव स्नोरी स्टर्लुसन. जगाच्या मधोमध एक प्रचंड झाड, इग्ड्रासिल, आणि त्याला धरून नऊ लोक, म्हणजे नऊ वेगवेगळी जगं. माणसं राहतात तो मिडगार्ड, देवांचा आसगार्ड, राक्षसांचा योटुनहाईम, मेलेल्यांचा हेल्हाईम. मुख्य देव ओडिन, एका डोळ्याचा, शहाणपणासाठी दुसरा डोळा देऊन बसलेला. त्याचा पोरगा थॉर, हातोडावाला. इंग्रजीतला बुधवार ओडिनच्या नावाचा आणि गुरुवार थॉरच्या, म्हणजे आपण सगळे रोज यांचं नाव घेतोय फक्त माहीत नव्हतं.

अख्ख्या मिडगार्डला वेटोळं घालून बसलेला एक साप आहे, योर्मुनगांडर. शेषनाग डोक्यात आणा, फक्त हा पृथ्वी डोक्यावर घेत नाही, तिला कवेत घेऊन स्वतःची शेपटी तोंडात धरून बसतो. गेममध्ये तो पहिल्यांदा पाण्यातनं वर येतो तेव्हा मामेभावानं तोंडातली भडंग तशीच ठेवून दोन मिनिटं स्क्रीनकडं बघितलं. तो काही करत नाही, घाबरू नका.

ब्रॉक आणि सिंद्री हे दोन बुटके लोहार, थॉरचा हातोडा यांनीच घडवला. मूळ कथेत हातोडा घडवताना लोकी नावाचा कपटी देव माशी होऊन येतो आणि भाता मारणाऱ्याच्या पापणीला चावतो, हात क्षणभर थांबतो, म्हणून हातोड्याचा दांडा आखूड राहिला. गेममध्ये हेच दोघं तुमचे दुकानदार आहेत, आणि तुमची कुऱ्हाड पण यांच्याच हातची.

सुरू करताना

चार लेव्हल दिसतील. सगळ्यात सोपी स्टोरीवाली, दुसरी बॅलन्स, तिसरी चॅलेंज, आणि चौथीचं नाव थेट गेमचंच नाव. पहिल्यांदा खेळताय तर बॅलन्स घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पहिल्या तिन्हींमध्ये मधेच बदल करता येतो, पण चौथी घेतलीत की अडकलात, खाली यायचं तर गेम पहिल्यापासनं सुरू करायला लागतो. हे गेम सांगतो पण आपण वाचतो कुठं.

सबटायटल चालू करा आणि साईज मोठी ठेवा. लांब बसून टीव्हीवर खेळताना अक्षरं लय बारीक वाटतात.

मारामारी, म्हणजे खरा विषय

तालमीत गेला असाल तर ही गोष्ट लगेच कळेल. नवीन पोरगं आखाड्यात उतरलं की थेट अंगावर जातं, आणि जुना पैलवान आधी हात लांब ठेवून समोरच्याचे पाय बघतो, हा कुठल्या पायावर भार देतोय, आता येणार का, आणि तो आला की त्याच्याच जोरावर त्याला पालथा घालतो. हा गेम तसाच खेळायचा. मामेभाऊ सात वेळा मेला कारण त्यानं ट्रोलचा हात वर जाताना एकदा पण बघितला नाही.

तर क्रम असा लावा. एल वन म्हणजे ढाल, दाबून धरली की वार अडतो. पहिले दोन तास नुसती ढाल वापरून बघा, वार कधी येतो ते नजरेत बसवा. मग दुसरी पायरी, वार अंगाला लागायच्या अगदी आधी एल वन टिचकी मारल्यासारखं दाबायचं, समोरचा धडपडतो आणि तुम्हाला मोकळं रान मिळतं. हे एकदा जमलं की गेम अर्धा सोपा झाला, आणि जमेपर्यंत किती वेळा मराल त्याची मोजदाद ठेवू नका.

आता रंग. शत्रूच्या अंगाभोवती पिवळं वलय चमकलं तर नुसती ढाल धरून उपयोग नाही, ढाल फुटते, पण वेळेवर टिचकी मारली तर तो वार पण परतवता येतो. लाल वलय दिसलं तर काहीच करायचं नाही, फक्त पळायचं. एक्स एकदा दाबला की बाजूला सरकता, दोनदा दाबला की कोलांटी. लाल दिसलं की कोलांटी, हे वहीत लिहून ठेवलं तरी चालेल. तुमच्या आजूबाजूला छोटे बाण पण दिसतात, ते मागनं कोण येतंय ते दाखवतात, लाल झाला म्हणजे आता मारणार, जांभळा म्हणजे लांबनं काहीतरी फेकलंय. शिवाय अट्रेयस ओरडून सांगतो, मागं बघा, डावीकडनं आला. त्याचं ऐका, घरातल्या बारक्यासारखा दुर्लक्ष करायचा विषय नाही तो.

कुऱ्हाड. आर वन हलका वार, आर टू जड वार. एल टू धरून नेम धरायचा आणि आर वन किंवा आर टू नं फेकायची, आणि त्रिकोण दाबला की ती जिथं असेल तिथनं हातात परत. सुदर्शन चक्रच म्हणा. यातली गंमत बऱ्याच जणांना उशिरा कळते की परत येताना वाटेत जो असेल त्याला पण ती लागते, त्यामुळं फेकायची, दोन पावलं बाजूला सरकायचं म्हणजे शत्रू बरोबर मधे येतो, आणि मग बोलवायची. पायावर फेकली तर तो आडवा पडतो, डोक्यावर फेकली तर जास्त लागतं. उडणाऱ्या भुतांना तर फेकूनच मारायचं, खाली उभं राहून हवेत कुऱ्हाड फिरवण्यात अर्थ नाही.

कुऱ्हाड लांब रुतून बसलेली असताना तुम्ही बुक्क्यांनी लढता, आणि हे मुद्दाम करायचं. बुक्क्यांनी जीव कमी जातो पण शत्रूच्या नावाखालची दुसरी पट्टी भरत जाते, ती पूर्ण भरली की आर थ्री दाबून एका झटक्यात खेळ खल्लास. अट्रेयसच्या बाणांनी पण ती पट्टी भरते, चौकोन दाबा, सारखा दाबा, त्याचे बाण थोड्या वेळानं आपोआप परत येतात त्यामुळं जपून ठेवून काय लोणचं घालायचंय. नवीन लोक सगळ्यात जास्त विसरतात ते हेच चौकोन बटण. पुढं एक चेटकिणीसारखी बाई भेटते, मारायला गेलं की धूर होऊन गायब, विष फेकते, तिच्यावर आधी बाण सोडला की ती जागेवर थांबते आणि मग तुमचा वार लागतो. मी बाण न वापरता तिच्यामागं अर्धा तास पळत होतो.

बर्फाळ निळसर शत्रू भेटले की लक्षात घ्या, तुमची कुऱ्हाड पण बर्फाचीच आहे, त्यांना तिचं काही होत नाही, तिथं बुक्क्या. नंतर यावर उपाय मिळतो, तो कसा ते तुमचं तुम्ही बघा, गेममधला तो सीन मी कुणाचा खराब करणार नाही.

एल थ्री आणि आर थ्री एकदम दाबलं की राग येतो, स्पार्टन रेज. बरेच जण ते मोठ्या बॉससाठी राखून ठेवतात आणि न वापरताच मरतात. रागात असताना मारलं की तुमचा जीव थोडा थोडा भरत जातो, म्हणजे ते औषध आहे. जीव संपत आला की वापरा. जमिनीवर हिरवे दगड पडलेले असतात ते जीवाचे, गोल बटणानं उचलायचे, पण पूर्ण जीव असताना उचलू नका, फाईटच्या शेवटी लागतील. दुकानात पुनर्जीवनाचा दगड मिळतो, तो कायम एक जवळ असू द्या, पडलात तर अट्रेयस उठवतो.

लेव्हल, चिलखत आणि चांदी

इथं मोबाईलवाले फसतात. शत्रू मारून तुमची लेव्हल वाढत नाही. लेव्हल ठरते तुम्ही अंगावर काय घातलंय त्यावर, छाती, मनगट आणि कंबर असे चिलखताचे तीन भाग, वर कुऱ्हाडीची लेव्हल, आणि दांड्याची मूठ. मारून जे एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात ते वेगळे, ते स्किल शिकायला आणि रूनिक अटॅक, म्हणजे हत्याराचे खास जादूचे वार, वाढवायला. चांदीचे तुकडे मिळतात ते दुकानात खर्चायला. कुऱ्हाड वाढवायला एक थिजलेली ज्वाला लागते, ती बहुतेक मुख्य स्टोरीतल्या मोठ्या फाईटनंतरच मिळते, त्यामुळं कुऱ्हाड अडकली असेल तर स्टोरी पुढं न्या.

शत्रूच्या पट्टीचा रंग जांभळा असेल तर तो तुमच्यापेक्षा लय वरचा आहे. तिथनं माघार घेण्यात लाज नाही, मंगळवारच्या बाजारात पण भाव परवडला नाही की आपण पुढं जातोच की.

चांदी कशावर घालायची? सुरुवातीला जे नवीन चिलखत दिसेल ते घेत सुटू नका. छाती, मनगट, कंबर एक एक बरं घ्या आणि तेच अपग्रेड करा. स्ट्रेंग्थ आणि डिफेन्स बघा, बाकीचे आकडे दहा-बारा तासांनी कळायला लागतात. अट्रेयसच्या कपड्यांवर आणि धनुष्यावर पण खर्च करा, पोराला उघडं फिरवू नका. रूनिक अटॅक दोन लावता येतात, एक हलका एक जड, वापरले की परत भरायला वेळ लागतो, म्हणून फाईट सुरू झाल्या झाल्या एक टाकून द्या म्हणजे शेवटापर्यंत परत तयार होतो.

तीन रूनच्या, म्हणजे जुन्या नॉर्स अक्षरांच्या, खुणा असलेल्या पेट्या दिसतील, नॉर्नीर पेट्या. आसपास त्याच खुणांची तीन चिन्हं लपलेली असतात, ती कुऱ्हाड फेकून फोडायची किंवा घंटा पटापट वाजवायच्या, मग पेटी उघडते. आत इडुन देवीची सफरचंदं मिळतात, तीन झाली की जीवाची पट्टी कायमची वाढते. मूळ कथेत याच सफरचंदांमुळं देव म्हातारे होत नाहीत. दारूचं शिंग मिळालं तर तीन शिंगांनी रागाची पट्टी वाढते. या पेट्या चुकवू नका, लागला वेळ तर लागू दे.

तळ्यावर आल्यावर

काही तासांनी तुम्ही एका मोठ्या तळ्यावर याल, लेक ऑफ नाईन, होडी मिळेल, आणि मुख्य रस्ता सोडून फिरायची पहिली मुभा मिळेल. इथं दोन प्रकारची चूक होते. एक जण लगेच सगळी बेटं पालथी घालायला जातो आणि जांभळ्या पट्टीवाल्यांकडनं मार खाऊन येतो, दुसरा बाणावर बोट ठेवून सरळ स्टोरी पळवतो आणि कमजोर राहतो. मधला मार्ग असा की पहिल्यांदा आलात की जवळचे दोन-तीन किनारे बघा, मग स्टोरी पुढं न्या, आणि परत आलात की परत हिंडा. तळ्याचं पाणी स्टोरीसोबत खाली उतरत जातं आणि खालनं नवीन जागा उघड्या पडतात. उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी उतरलं की घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसतात ना, तसंच.

काही दारं, काही लाल डिंकासारखे गोळे, काही काटेरी वेली आत्ता उघडणारच नाहीत. तुमचं काही चुकलेलं नाही, त्यासाठीचा बाण किंवा हत्यार अजून मिळालेलं नाही. मी एका वेलीवर पाऊण तास कुऱ्हाड मारली होती, म्हणून सांगतोय.

होडीत असताना घाई करू नका. तिथं बापलेक बोलतात, आणि पुढं एक तिसरा प्रवासी मिळतो तो तर नॉर्स पुराणाचा चालताबोलता कीर्तनकार आहे. किनाऱ्याला लागलात की गोष्ट अर्धी तुटते आणि परत होडीत बसलात की तो तिथनंच पुढं सुरू करतो. मी मुद्दाम चकरा मारायचो गोष्ट पूर्ण व्हावी म्हणून. अख्खा गेम एकाच शॉटमध्ये आहे, कॅमेरा कुठं कट होत नाही, त्यामुळं ही होडीतली शांतता पण खरी वाटते.

हिरवट चमकणारे कावळे दिसले तर कुऱ्हाड फेका, ते ओडिनचे हेर आहेत, एकूण ५१ आहेत. मागं लागून शोधू नका, दिसला की मारा. आगीचा मुस्पेलहाईम आणि धुक्याचा निफ्लहाईम हे दोन लोक ऐच्छिक आहेत, त्यांच्या भाषेचे चार-चार तुकडे गोळा केले की दार उघडतं. पहिल्या खेपेला नाही गेलात तरी चालतंय, पण उत्तम चिलखत तिथंच बनतं.

आणि वाल्कीरी. पंखवाल्या नऊ बायका, सगळ्या ऐच्छिक, सगळ्या गेमच्या मुख्य बॉसपेक्षा अवघड. स्टोरी संपायच्या आधी त्यातली एखादी चुकून समोर आली आणि दोन फटक्यात तुम्हाला झोपवलं तर मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांचं तेच होतं. त्यांची राणी सिग्रुन, तिच्यापुढं मी तीन रविवार घातले.

क्रेडिट आले म्हणजे संपलं असं समजून डिलीट मारू नका, गेम पुढं चालू राहतो. परत होडी घ्या, बापलेकाला त्यांच्या घरी न्या, आत जाऊन पलंगावर झोपवा. मामेभावानं हे न करताच तासगावची एसटी पकडली होती, मी फोन करून त्याला स्टँडवरनं परत बोलावला.